एका ताऱ्याची भीती

नवा रिव्ह्यू आला की माझ्या फोनवर जो आवाज होतो, तो मी कितीतरी वेळा बदलून पाहिला. घंटा ठेवली, पाण्याचा थेंब ठेवला, चिमणी ठेवली. उपयोग शून्य. कोणताही आवाज आठवड्याभरात भीतीदायक वाटायला लागतो. चिमणी तर काढूनच टाकावी लागली. दारातल्या झाडावर खरी चिमणी ओरडली तरी मी फोन शोधायला धावायचे.

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘उत्तरं लिहिते.’ समोरच्याला वाटतं मी शिकवणी घेते. मग समजावून सांगावं लागतं. लोक हॉटेलात जेवतात, दवाखान्यात दात काढून घेतात, दुकानातून चप्पल नेतात. घरी गेल्यावर मोबाईलच्या नकाशात त्या दुकानाच्या नावाखाली आपलं मत लिहितात आणि एक ते पाच तारे देतात. त्या मताखाली मालकानं उत्तर द्यायचं असतं. मालकाला त्यासाठी वेळ नसतो. कधीकधी वेळ असतो, आणि ते जास्त धोक्याचं. म्हणून मालकाच्या नावानं मी लिहिते. आमची सहकारी संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन होईपर्यंत मी तिथं पत्रव्यवहार बघत होते, त्यामुळे दुसऱ्याच्या नावानं नम्र होण्याची सवय जुनीच.

कामाचे माझे नियम आहेत आणि ते टेबलासमोर चिकटवलेले आहेत. उत्तर त्याच दिवशी. वाद नाही. विचारलं असेल त्यापेक्षा जास्त कबूल करायचं नाही. गिऱ्हाईक चिडलेलं असेल तर त्याला चारचौघांतून उचलून फोनवर घ्यायचं. पैसे देऊन पाच तारे विकत आणायचे नाहीत. हा शेवटचा नियम नीतीचा वाटेल, पण तो सोयीचाही आहे. विकतची स्तुती लगेच ओळखू येते. त्यात पदार्थाचं नाव नसतं आणि तक्रार तर अजिबात नसते. कोल्हापुरात तक्रार न करता कुणी मनापासून स्तुती करत नाही.

या धंद्यातलं खरं दुखणं मला राधानगरीच्या बाजूच्या एका लॉजमालकानं पहिल्यांदा दाखवलं. त्याच्या लॉजला एका पाहुण्यानं एक तारा दिला होता. कारण लिहिलं होतं, ‘पाऊस फार.’ मला नेमण्याआधी मालकानं स्वतःच उत्तर ठोकलं होतं : ‘पावणं, धरणाजवळ आलासा, वाळवंटात न्हाय.’ मी ते काढून ‘नैसर्गिक परिस्थितीमुळे आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं घातलं. त्याचा फोन आला.

“मॅडम, तुमचं वाचल्यापास्नं मलाच वाटाय लागलंय, पाऊस मीच पाडला.”

“अहो, ते व्यावसायिक दिसतं.”

“व्यावसायिक दिसतंय खरं. पण माझं दिसत न्हाय की.”

त्याचं जुनं उत्तर वाचायला लोक मुद्दाम यायचे, हे मला नंतर समजलं. माझं कुणी वाचलं नाही. मालकाच्या तोंडचं ठेवावं तर धंद्याची इभ्रत जाते, आणि इभ्रत सांभाळावी तर मालकच नाहीसा होतो. या दोन्हींच्या मधे कुठंतरी लिहायचं, हेच माझं काम. बहुतेक वेळा ते साधतं. एकदा मात्र अशी वेळ आली की त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. तेच सांगण्यासाठी हे लिहिते आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे, नावं बदलली आहेत.

सुकुमार अण्णा हे शहरातले जुने केटरर. जैन पद्धतीचं जेवण ही त्यांची ओळख. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळा नाही, पाणी गाळलेलं, पंगत सूर्यास्ताच्या आत. लग्न असो, पूजा असो की व्रताचं उद्यापन, जैन घरांतून पहिला फोन अण्णांना जायचा. वयस्कर, नियम घेतलेली माणसं कुणाच्या घरचं पाणी पीत नसत, पण अण्णांच्या पंगतीला बसत. त्यांच्या स्वयंपाकघरात पंधरावीस जैन बायका कामाला होत्या आणि त्यांची घरं त्या विश्वासावर चालत होती. अण्णांचा मुलगा सन्मती शिकलेला, उत्साही. त्यानंच मला नेमलं होतं. नकाशावर त्यांचे तारे भरघोस होते. माझं तिथलं काम म्हणजे ‘धन्यवाद’ लिहिणं. त्या खात्याची मला कधी भीती वाटली नव्हती.

गेल्या वर्षी भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. हे दिवस उपवासाचे आणि कडक नियमांचे. अण्णांकडून एका मंदिरातल्या पूजेचं जेवण गेलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. फोटो नसलेलं खातं, एक तारा आणि एकच ओळ : ‘काल यांच्या आमटीला लसणाचा वास होता.’

मी माझ्या नियमाप्रमाणे लगेच उत्तर लिहिलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाला प्रवेशच नाही. आपल्याला काही शंका आली असल्यास कृपया संपर्क साधावा.’ प्रतिस्पर्ध्याचा खोडसाळपणा असणार, याची मला खात्री होती. असल्या निनावी ओळी मी पुष्कळ पाहिलेल्या.

तासाभरात सन्मतीचा फोन आला. “मॅडम, अण्णा बोलवायला लागलेत. लगेच या.”

मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात चूल बंद होती. त्या वेळी तिथं भाज्या चिरण्याची धांदल असायला हवी होती. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मधे जमिनीवर चटणीचे मोठे डबे ओळीनं मांडले होते, झाकणं उघडी, आणि अण्णा त्यांच्यापुढे पाटावर बसले होते.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगते. आमच्याकडे आमटी-भाजीत घालायची वर्षाची लाल चटणी उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. मिरच्या, खोबरं, तीळ, मसाले भाजायचे आणि डंकावर नेऊन कुटून आणायचे. डंक म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. घरोघरची चटणी त्याच मुसळांखाली जाते आणि घरोघरच्या चटणीत कांदा-लसूण असतोच. त्याशिवाय तिला कुणी चटणी म्हणत नाही. म्हणून जैन घरं काळजी घेतात. सकाळी पहिला नंबर लावतात, डंक धुऊन घेतात, आणि आपली चटणी पुरी कुटून होईपर्यंत घरचं कुणीतरी तिथून हलत नाही. अण्णा दरवर्षी स्वतः बसायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून सन्मती गेला होता.

“अक्का, बसा,” अण्णा म्हणाले. “मला वास येईना झालाय. सगळ्या डब्यांना येतोय असं वाटतंय आन् मग कुठल्याच डब्याला येत न्हाय. या बायकास्नी विचारलं तर एक म्हणतीय हाय, एक म्हणतीय न्हाय. आमच्यात कुणी जन्मात खाल्लेला न्हाय. चटणीत मुरलेला लसूण कसा वास मारतो, आम्हाला काय ठावं?”

“मग मी काय करू अण्णा?”

“तुम्ही खातासा. तुम्हीच सांगा.”

त्या खोलीत लसूण ओळखणारं नाक फक्त माझं होतं. मी ‘काही नाही’ म्हटलं असतं तर झाकणं लागली असती, चूल पेटली असती. सन्मती अण्णांच्या मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली. नाही म्हणा.

मी पहिला डबा हुंगला. खोबरं, तीळ, धणे. दुसरा तसाच. पुढचेही. मला बरं वाटायला लागलं होतं. मग कडेच्या एका डब्यावर वाकले आणि मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. रोज सकाळी आमटीला टाकते ती चटणी. मी उगाचच पुन्हा हुंगल्यासारखं केलं, वेळ काढला. डोकं वर करायचा धीर होईना.

“अक्का?”

“आहे अण्णा. या डब्यात आहे. आणि हा शेजारचा. बाकीचे स्वच्छ आहेत.”

एक बाई भिंतीशी खाली बसली. अण्णा सन्मतीकडे वळले तेव्हा त्याला विचारावंच लागलं नाही.

“लाईट गेलती,” तो म्हणाला. “निम्मी कुटून झालती. डंकवाला म्हणाला, येळ लागंल. मी घरला जेवाय गेलतो. परत आलो तवा चालूच हुतं. मला काय म्हाईत, मधी त्यानं दुसऱ्याचं घाटलंय?”

“इचारलास त्याला?”

“न्हाय.”

“का?”

विचारलं असतं आणि डंकवाल्यानं हो म्हटलं असतं, तर उरलेल्या मिरच्या फेकून द्याव्या लागल्या असत्या, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं.

त्यानंतरचा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही. पण तो प्रत्येकाच्या डोक्यात चालू होता. उन्हाळ्यापासून कडेचे ते डबे कुठल्या लग्नाला उघडले, कुठल्या पूजेला, कुणालाच सांगता येईना. पंगतीत कोण बसलं होतं? आयुष्यभर नियम पाळलेली माणसं. एक आमटी नासली एवढाच प्रश्न नव्हता. हे बाहेर पडलं तर अण्णांकडे परत कुणी जेवण देणार नव्हतं, आणि बाहेर पडायला मोबाईलवरची ती एक ओळ पुरेशी होती.

आम्ही तिघं ऑफिसच्या खोलीत बसलो. सन्मतीनं सगळा बेत करून ठेवला होता. “मॅडमनी उत्तर दिलंच हाय, बेस्ट हाय. दोन डबे टाकून देऊ. मित्रास्नी सांगून चांगले रिव्ह्यू घालू, त्यो खाली जाईल. प्रोफेशनल राहायचं अण्णा. ज्यास्नी कळलं न्हाय त्यास्नी का सांगायचं?”

“कळलं न्हाय म्हणूनच की,” अण्णा म्हणाले. “कळलं असतं तर त्यांनी मलाच शिव्या घातल्या असत्या. सांगायची गरज कुठं हुती?”

मी मधला रस्ता काढायचा प्रयत्न केला. ते माझं कामच. घरी येऊन मसुदा केला : ‘पुरवठा साखळीतील एका त्रुटीमुळे काही प्रसंगी गुणवत्तेत तफावत आढळली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ एकही शब्द खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

“हे कुणी लिवलंय अक्का? बँकेनं?”

“अण्णा, जास्त सांगितलं तर धंदा बसेल. मी भीती घालत नाही, मला खरंच भीती वाटतेय. या बायकांचं काय?”

“मलाबी वाटतीया,” ते म्हणाले. “रात्री डोळा लागत न्हाय. पण पर्व संपलं की क्षमावाणी हाय. मंदिरात सगळे एकमेकांस्नी हात जोडणार, वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा करा म्हणणार. मीबी म्हणणार. समोरच्याला वाटणार, नेहमीचं बोलतोय. आन् मी एकट्यानंच मनात म्हणायचं, बाबा रे, चुकलं असंल न्हवं, चुकलंयच. हे किती वर्षं करू?”

मला त्यांचा राग आला होता. चांगलं वाटावं म्हणून स्वतः मोकळं व्हायचं आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना काही माहीत नाही त्यांच्या गळ्यात दुःख बांधायचं, याला प्रामाणिकपणा म्हणायचा का? मी तसं बोललेही. अण्णांनाही ते ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी टाईप केला. मी एवढंच केलं की वाक्यं सरळ लावली आणि डंकवाल्याला दिलेल्या दोन शिव्या गाळल्या. ‘उत्तम क्षमा. आमच्या चटणीच्या दोन डब्यांत लसूण गेला होता. डंकावर आमच्या घरचा माणूस मधेच उठून गेला, लक्ष राहिलं नाही. हे डबे उन्हाळ्यापासून कोणत्या कार्यांत वापरले ते आम्हाला सांगता येत नाही. या काळात आमच्याकडे जेवलेल्या सर्वांचा नियम आमच्यामुळे मोडला असण्याची भीती आहे. आधी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. हात जोडून क्षमा मागतो. सुकुमार.’

“माझं पहिलं उत्तर काढून टाकते,” मी म्हटलं.

“नको. ऱ्हाऊ दे. लोकास्नी दोन्ही दिसू देत.”

मी बटण दाबलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी नियमांविरुद्ध एवढं एकच उत्तर पाठवलं असेल.

दुपारपर्यंत ते सगळ्या ग्रुपांवर फिरलं. मजकूर कमी, त्यावरची बडबड जास्त. एकानं लिहिलं, ‘आधी नियम मोडायचा, मग हात जोडायचे. कसायाचा प्रामाणिकपणा.’ एकानं, ज्याला या नियमांतलं काही कळत नसावं, हसण्याची चित्रं टाकली : ‘लसणासाठी एवढं?’ एका साखरपुड्याची ऑर्डर रद्द झाली. मग एका उद्यापनाची. एका घरून फोन आला, कुणी बोललंच नाही, पलीकडे बाई रडत होती आणि फोन ठेवला गेला. मी घरात फोन उशीखाली ठेवायला लागले, तर उशी थरथरायची. नवरा म्हणाला, “तुझं काय जातंय? तू फक्त लिहितेस.” त्याला समजावता आलं नाही. हुंगलं तर मीच होतं ना.

चारपाच दिवसांनी मी अण्णांकडे गेले होते. चूल पेटलेली नव्हती. बायका येत होत्या, भांडी घासलेलीच पुन्हा घासत होत्या. सन्मती कोपऱ्यात मोबाईल उलटा ठेवून बसला होता. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि रत्नव्वा उतरल्या. गडमुडशिंगीच्या जैन शेतकरी घरातल्या, ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत. अण्णा त्यांना ओळखत होते. मुनींसमोर नियम घेतलेली बाई. वैशाखातल्या एका लग्नात त्या अण्णांच्या पंगतीला बसल्या होत्या.

अण्णा उठून त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी काठीच आडवी धरली.

“आधी सांग. त्या लग्नात हुता का त्यो डबा?”

“सांगता येत न्हाय अव्वा. असंल.”

“हुता,” रत्नव्वा म्हणाल्या. “मला वास आलता.”

सन्मतीनं कोपऱ्यातून मान वर केली.

“पहिल्या घासालाच आलता. बोलणार हुते. तवर पोरीचा बाप भात घेऊन समोर आला. त्येचं तोंड बघितलं आन् घास गिळला. ताट टाकून उठले असते तर त्येच्या लेकीचं लगीन जन्मभर त्या लसणानं वळखलं असतं. घरला जाऊन सुनेला सांगितलं, तर म्हणली, अव्वा, अण्णांच्यात लसूण? वय झालंय तुमचं. त्या दिवसापास्नं मला सगळ्यात वास येतोय. दुधात येतोय. देवाच्या गंधात येतोय. म्हटलं, संपलं, माझं टकुरं गेलं आता.”

त्या पाटावर बसल्या.

“परवा नातीनं तुझं वाचून दाखिवलं. मग सुनेला म्हटलं, बघ. मी शानी हाय अजून.”

अण्णांनी तोंडावर उपरणं धरलं. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे पाहिलं.

“रडू नगंस. मी उपास केले. तूबी करतोयास न्हवं?”

“करतोय अव्वा.”

“उठून गेलता त्यो हाच का?” काठीचं टोक सन्मतीकडे गेलं. त्यानं मान खाली घातली. “जेवाय गेला असंल. भूक लई ह्यांना.” मग पुन्हा अण्णांकडे वळून त्या म्हणाल्या, “दिवाळी झाली की थोरल्या नातवाचं लगीन हाय. जेवण तुझंच.”

भिंतीशी उभ्या बायकांमधून एक श्वास सुटल्यासारखा आवाज झाला. सन्मतीनं मोबाईल सुलटा केला.

“पण चटणी,” रत्नव्वा काठीवर जोर देऊन उठत म्हणाल्या, “माझ्या घरनं यील.”

सन्मती पुढे झाला. “अव्वा, आता आम्ही डंकच स्वतःचा...”

“तू गप.”

अण्णांनी हात जोडले. “यीऊ दे अव्वा. डबा तुमचा, वाढणारा मी.”

ते लग्न झालं. मी गेले होते, घाबरत घाबरत जेवले. रत्नव्वांनी आमटी वरपली आणि शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, “चटणी माझी हाय हां.” ती शेजारीण पुढच्या महिन्यात ऑर्डर घेऊन आली आणि सोबत आपल्या घरची चटणीही घेऊन आली. मग आणखी एक. रद्द झालेल्या दोन ऑर्डरी परत आल्या नाहीत, पण चूल पेटती राहिली आणि कुणाही बाईला घरी बसावं लागलं नाही.

मी इतर गिऱ्हाइकांना अण्णांचं उदाहरण देत नाही. एकानं विचारलं, खरं सांगून टाकू का, तर मला हो म्हणवलं नाही. प्रत्येकाच्या दारात रत्नव्वा उतरेलच असं नाही, आणि तो रडणारा फोन कुणाचा होता ते मला अजून कळलेलं नाही. टेबलासमोरचे नियम तसेच आहेत. त्यातला कबुलीचा नियम वाचताना मात्र हल्ली नजर थोडी घसरते.

यंदा उन्हाळ्यात अण्णांनी स्वतःचा छोटा डंक घेतला. गुडघा दुखत असताना ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, शेवटची मिरची कुटून होईपर्यंत. सन्मती शेजारी उभा होता, पाणी प्यायलाही हलला नाही. निखळ, लालभडक चटणी झाली. माझ्याकडून हुंगवून घेतली. तिचे डबे फडताळात सीलबंद उभे आहेत. नकाशावरचे तारे हळूहळू परत येत आहेत, लोक लिहितात ‘जेवण उत्तम, पंगत वेळेवर’, आणि मी ‘धन्यवाद’ लिहिते. अण्णा फोन स्पीकरवर ठेवतात, मी तिथं असले की ऐकू येतं. ऑर्डर ठरवून झाली की पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्याची मला आता रिव्ह्यूच्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटते. मग तो संकोचून म्हणतो, “अण्णा, चटणी आम्हीच पाठवतो. सहज आपलं.” अण्णा म्हणतात, “पाठवा की.”

अजून एकही ऑर्डर डब्याशिवाय आलेली नाही.